संत्र्याच्या सालीपासून जिवाणूंकडून प्लास्टिक बनवायचा छोटा कारखाना गावात टाकता येईल का? खर्च किती?

टाकू नका. आंबिया बहारात संत्रा आपल्याकडे पायाखाली पडतो हे खरं, पण सालीतल्या तेलानं जिवाणूच मरतात. ते आधी काढावं लागतं, आणि तिथंच फुकटचा कच्चा माल फुकट राहत नाही.

एम.एस्सी.ला माझा प्रकल्प हाच होता. वरुडकडच्या आमच्या वावरातली माती नेली, तिच्यातून बॅसिलस जातीचे जिवाणू वेगळे केले. लेमॉइन्य नावाच्या फ्रेंच माणसानं 1926 सालीच बॅसिलस मेगाटेरियममध्ये पीएचबी, म्हणजे जिवाणूंचं हे प्लास्टिक, दाखवलंय, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही. साखर भरपूर द्यायची, नायट्रोजन तोडायचा. वाढता येत नाही म्हटल्यावर जिवाणू ती साखर पीएचबीचे कण करून पोटात साठवतो. सालीवर काही जमलं नाही, म्हणून गुळाच्या पाण्यावर आलो. रात्री लाइट गेली की भांडं हलवत ठेवणारा शेकर बंद, हवा मिळाली नाही की सगळं वाया. तीन खेपा गेल्या. चौथीत ब्लीचनं जिवाणू फोडले, मग क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिक विरघळवलं, ते उडून गेल्यावर काचेच्या बशीत उरली एक दुधी पापडी. दोन लिटरमधून तळहाताएवढी.

ती घेऊन मोठ्या उमेदीनं घरी गेलो. काका म्हणाले, "दोन वर्सं नागपुरात राहून हे पापडी आणली का बे?"

त्यांनी त्याच वर्षी मिरचीत मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर घालायचा प्लास्टिकचा कागद, अंथरलं होतं. विकणारा म्हणाला होता, आपोआप मातीत जिरते. मी म्हटलं, पाहू. जून लागताच अर्धी पापडी आणि त्यांच्या मल्चिंगचा तुकडा, दोन्ही मच्छरदाणीच्या जाळीत शिवून धुऱ्यावर पुरले. पोळ्याला उकरलं. मल्चिंग जसंच्या तसं, नुसतं मळलेलं. माझ्या जाळीत माती आणि एक-दोन कपटे. काका म्हणाले, "उंदरानं खाल्लं असन." सगळं घर हसलं.

त्या मल्चिंगचे तुकडे अजून वखराला अडकतात. तेव्हा कुणी 'बायोडिग्रेडेबल' म्हणून माल गळ्यात मारत असेल तर आधी एक पावसाळा पुरून पाहा. या शब्दाचा अर्थ जिवाणूंनी बनवलेलं असा होतच नाही. मातीत जिरणारं पीबीएटी नावाचं प्लास्टिक खनिज तेलापासून निघतं. उलट पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकचं लॅक्टिक आम्ल जिवाणूच बनवतात, पण ते कुजायला साठेक अंश तापणारं कंपोस्ट लागतं, धुऱ्यावर पुरून भागत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर निर्जंतुक फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, आणि चोवीस तास वीज, एवढं ऐकूनच थांबा. पीएचबी आजही साध्या पॉलिथिनच्या कितीतरी पट महाग पडतं. साखर कारखान्याच्या मळीवर, मोठ्या भांडवलात गोष्ट वेगळी. तिथं क्युप्रियाव्हिडस नावाचा जिवाणू वापरतात, त्याच्या कोरड्या वजनात ऐंशी टक्क्यांपर्यंत पीएचबी भरतं.

हां, नुसतं पीएचबी ठिसूळ असतं. माझी पापडीही वाकवली की कडकन मोडायची, काकांना तेवढं सांगितलं नव्हतं. आणि क्लोरोफॉर्म घरात आणू नका.

जाळी मात्र मी जपून ठेवलीय. तिला कुठंही भोक नाही.