युरोपियन युनियनचं म्हणे एकच परराष्ट्र धोरण असतं. मग कोसोव्हो-सर्बियाचं भांडण त्यांना अजून का मिटवता आलेलं नाही?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की एका बाजूला सत्तावीस देश, दुसऱ्या बाजूला दोन छोटे शेजारी, तरी वर्षानुवर्षं नुसत्या बैठकाच चालल्यात. अमेरिकेने मनावर घेतलं असतं तर एका दिवसात निकाल लागला असता, असंही तुमचं म्हणणं आहे. मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला युरोपचं राजकारण शिकवतो. दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'एकच धोरण' या समजुतीबद्दल. व्यापाराच्या बाबतीत ती खरी आहे. तिथे ब्रसेल्समधला आयोग सगळ्यांच्या वतीने वाटाघाटी करतो. परराष्ट्र धोरणात मात्र प्रत्येक देशाने आपला अधिकार स्वतःकडेच ठेवलाय आणि जवळपास प्रत्येक महत्त्वाचा निर्णय एकमताने घ्यावा लागतो. सायप्रसने २०२० मध्ये बेलारूसवरचे निर्बंध काही आठवडे अडवून धरले होते, कारण त्याला त्याच वेळी तुर्कस्तानविरुद्ध कारवाई हवी होती. बेलारूसशी त्याचं काही वाकडं नव्हतं.

पण सगळं खापर नकाराधिकारावर फोडणं मला पटत नाही. युरोपियन युनियनकडे जबरदस्ती करण्याची ताकद मुळातच कमी आहे. देण्यासारखी मात्र एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे सदस्यत्व. बाल्कनमध्ये ते मिळेल असं लोकांना खरंच वाटत होतं तोवर ब्रसेल्सच्या शब्दाला वजन होतं. तो विश्वास उडाला आणि मध्यस्थी अडली.

सुरुवात १९९१ पासून करू. त्या वर्षी २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने युगोस्लाव्हियातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री झाक पूस तेव्हा युरोपियन समुदायाच्या (युनियनचं तेव्हाचं रूप) फिरत्या अध्यक्षपदाच्या नात्याने म्हणाले की आता युरोपची घटका आली आहे, अमेरिकेची नाही. सुरुवात वाईट नव्हती. जुलैत ब्रियोनी बेटावर समझोता झाला आणि स्लोव्हेनियातली लढाई दहा दिवसांत थांबली. मग क्रोएशिया पेटला. युरोपने तिथे पाठवलेले निरीक्षक डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायचे. स्थानिक लोक त्यांना 'आइस्क्रीमवाले' म्हणायचे. वुकोव्हार शहरावर तोफा चालू होत्या आणि हे लोक वहीत नोंदी करत होते.

तेव्हा समुदायात बाराच देश होते, त्यामुळे 'बारभाईचा कारभार' हे वर्णन अगदी आकड्यासकट लागू पडतं. डिसेंबर १९९१ मध्ये मास्ट्रिख्टला जमून या बाराजणांनी समाईक परराष्ट्र धोरणाचा करार ठरवला आणि त्याच महिन्यात जर्मनीने बाकीच्यांसाठी न थांबता क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाला मान्यता जाहीर केली. कराराची शाई वाळली नव्हती असंही म्हणता येत नाही, कारण सह्या व्हायला अजून फेब्रुवारी उजाडायचा होता! युरोपने नेमलेले मध्यस्थ, ब्रिटनचे लॉर्ड कॅरिंग्टन, हेगमध्ये सर्वपक्षीय परिषद चालवत होते. मान्यता हाच त्यांच्या हातातला पत्ता होता, सगळं मिटल्यावर द्यायचा. तो आधीच वाटला गेला.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. बोस्नियातलं युद्ध, सारायेव्होचा वेढा, जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलग्यांची कत्तल. जाता जाता एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रसंघाने माजी युगोस्लाव्हियात पाठवलेल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. त्यांचं मुख्यालय सुरुवातीला सारायेव्होतच थाटलं होतं आणि काही आठवड्यांत ते शहर वेढ्यात सापडलं. अखेर तह झाला तो अमेरिकेत, डेटनच्या हवाई तळावर. पॅरिसमध्ये नंतर सह्यांचा समारंभ झाला. १९९९ मध्ये कोसोव्होसाठी (तेव्हाचा सर्बियाचा अल्बेनियनबहुल प्रांत) नाटोने ७८ दिवस बाँबहल्ले केले, त्यातही बहुतेक विमानं अमेरिकेचीच.

या नामुष्कीतून युरोप शिकला, हे मात्र कबूल करायला हवं. १९९९ च्या अखेरीस हाविएर सोलाना हे युनियनच्या परराष्ट्र धोरणाचे 'उच्च प्रतिनिधी' म्हणून रुजू झाले. आधी ते नाटोचे सरचिटणीस होते. २००१ मध्ये मॅसिडोनियात अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात लढाई पेटली, तेव्हा सोलाना, नाटोचे जॉर्ज रॉबर्टसन आणि दोन खास दूत, एक युरोपचा आणि एक अमेरिकेचा, यांनी दोन्ही बाजूंना ओह्रिद सरोवराकाठी बसवलं. १३ ऑगस्टला करार झाला. अल्बेनियन भाषेला स्थान, पोलिसांत आणि सरकारी नोकऱ्यांत वाटा, बदल्यात शस्त्रं खाली. दुसरा बोस्निया होता होता टळला. टळलेल्या युद्धाला पुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते, म्हणून युरोपच्या खात्यात हे यश कोणी जमा करत नाही. मी करतो.

आता कोसोव्हो. १७ फेब्रुवारी २००८ ला त्याने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. युनियनमधल्या पाच देशांनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही: स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया. प्रत्येकाला आपल्या घरातली भीती आहे. स्पेनला कॅटलोनियाची, सायप्रसला बेटाच्या उत्तर भागाची. (भारतानेही मान्यता दिलेली नाही.) म्हणजे युनियनला ज्या भांडणात मध्यस्थी करायची आहे, त्या भांडणाच्या मुख्य मुद्द्यावर तिचं स्वतःचंच मत नाही. 'एकमेकांना मान्यता द्या' हे वाक्य तिला अधिकृतपणे उच्चारता येत नाही.

मग २०११ मध्ये सुरू झालेल्या सर्बिया-कोसोव्हो संवादात युरोपियन अधिकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. मोठा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि रोजच्या जगण्यातले प्रश्न सोडवायचे: जन्मनोंदींच्या वह्या, जमिनीचे दप्तर, जकात नाक्यावरचे शिक्के, एकमेकांच्या पदव्या. प्रादेशिक बैठकीत कोसोव्होच्या प्रतिनिधीसमोर पाटी कोणती ठेवायची यावर महिनोन्‌महिने गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये तोडगा निघाला. नुसतं 'कोसोव्हो' लिहायचं, त्यावर एक तारांकन द्यायचं आणि खाली तळटीप, की या नावाने दर्जाबाबतच्या कोणाच्याही भूमिकेला बाधा येत नाही. तळटिपेत सुरक्षा परिषदेचा १२४४ क्रमांकाचा ठरावही येतो, जो सर्बियाला प्रिय, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मतही येतं, जे कोसोव्होला प्रिय. विद्यार्थी यावर हसतात. पण त्या ताऱ्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक एका खोलीत बसू लागले आणि काही दिवसांतच सर्बियाला सदस्यत्वासाठी उमेदवाराचा दर्जा मिळाला.

१९ एप्रिल २०१३ चा ब्रसेल्स करार हा या मार्गाचा कळस. युनियनच्या तेव्हाच्या उच्च प्रतिनिधी कॅथरिन ॲश्टन यांच्यासमोर बसले होते सर्बियाचे पंतप्रधान इव्हित्सा दाचिच, नव्वदच्या दशकात सर्बियाचे तेव्हाचे सत्ताधीश मिलोसेविच यांच्या पक्षाचे प्रवक्ते, आणि कोसोव्होचे हाशिम थाची, त्याच मिलोसेविचच्या फौजांशी लढलेल्या गनिमी सेनेचे नेते. थाची यांच्यावर पुढे हेगमध्ये युद्धगुन्ह्यांचा खटला उभा राहिला. ही दोन माणसं पंधरा कलमांवर एकमत करतात, ते एकमेकांवरच्या प्रेमापोटी नाही. सर्बियाला सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू व्हायला हव्या होत्या आणि कोसोव्होला युनियनशी पहिला मोठा करार हवा होता. दोघांनाही ते मिळालं. कोसोव्होबरोबरचा करार तर मुद्दाम फक्त युनियनच्या नावाने केला, म्हणजे त्या पाच देशांच्या संसदांपुढे तो न्यावाच लागला नाही. एरवी असे करार प्रत्येक देशाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. त्यानंतर कोसोव्होला स्वतःचा दूरध्वनी संकेतांक, ३८३, मिळाला. त्याआधी तिथले मोबाइल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या क्रमांकांवर चालत होते.

गाडी बिघडली ती इथून पुढे, आणि माझ्या मते बिघाड बेलग्रेड-प्रिश्टिना या सर्बिया आणि कोसोव्होच्या राजधान्यांपेक्षा पॅरिस, सोफिया आणि ब्रसेल्समध्ये जास्त झाला. कोसोव्होने व्हिसासवलतीच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या असं आयोगाने जुलै २०१८ मध्ये सांगितलं, पण सवलत प्रत्यक्षात आली १ जानेवारी २०२४ ला. सर्बियाच्या नागरिकांना ती २००९ पासूनच होती. मॅसिडोनियाने तर युरोपसाठी देशाचं नाव बदललं. ग्रीसची हरकत मिटवण्यासाठी २०१९ मध्ये तो 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने वाटाघाटी सुरू करायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी बल्गेरियाने इतिहास आणि भाषेच्या वादावरून पुन्हा अडवलं. हे सगळं बेलग्रेडमध्ये सर्बियाचे अध्यक्ष अलेक्सांडर वुचिच आणि प्रिश्टिनात कोसोव्होचे नेते अल्बिन कुर्ती बघत होतेच की. शेजाऱ्याने नाव बदलूनही त्याच्या पदरात काही पडत नसेल, तर आपण आपल्या मतदारांचा रोष कशासाठी ओढवून घ्यायचा?

परिणाम लगेच दिसले. २०१३ च्या ब्रसेल्स करारात कबूल केलेला कोसोव्होतल्या सर्बबहुल नगरपालिकांचा संघ आजही स्थापन झालेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवरून उत्तर कोसोव्होतले सर्ब पोलीस, न्यायाधीश आणि महापौर एकगठ्ठा राजीनामे देऊन बाहेर पडले. मार्च २०२३ मध्ये ओह्रिदलाच नवी बैठक झाली. तेव्हाचे उच्च प्रतिनिधी जोसेप बोरेल यांनी समझोता झाल्याचं जाहीर केलं, पण वुचिच यांनी सही केली नाही. बोरेल स्पेनचे आणि त्यांचे खास दूत मिरोस्लाव्ह लायचाक स्लोव्हाकियाचे, म्हणजे दोघेही कोसोव्होला न मानणाऱ्या देशांचे. प्रिश्टिनात यावर काय बोललं जात असेल याची कल्पना करा. सप्टेंबर २०२३ मध्ये बान्स्का गावात सशस्त्र सर्ब टोळीने एका कोसोव्हो पोलिसाला मारलं. युरोपचे दंडात्मक उपाय मात्र तोवर कोसोव्होवर लागू होते आणि या हल्ल्यानंतर सर्बियावर तसे लागले नाहीत. हा पक्षपात मला आजही समर्थनीय वाटत नाही.

राहिला अमेरिकेचा मुद्दा. तोही प्रयोग झालाय. ४ सप्टेंबर २०२० ला वुचिच आणि कोसोव्होचे तेव्हाचे पंतप्रधान अवदुल्ला होटी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्या शेजारी बसून सह्या करून आले. त्यातून इस्रायलने कोसोव्होला मान्यता दिली आणि कोसोव्होने जेरुसलेममध्ये दूतावास उघडला. रस्ते आणि रेल्वेबद्दलही बरंच लिहिलं होतं. बेलग्रेड आणि प्रिश्टिनामधला मूळ वाद जिथल्या तिथे राहिला.

तुम्हाला हा विषय पुढे बघायचा असेल तर संवादाच्या बैठकांच्या बातम्यांपेक्षा माँटेनेग्रोवर लक्ष ठेवा. २०२८ पर्यंत सदस्य होण्याचं उद्दिष्ट त्यांनी जाहीर केलंय आणि २०१३ नंतर युनियनने एकही नवा देश घेतलेला नाही. साडेसहा लाखांच्या आतबाहेर वस्तीचा, नाटोत आधीच असलेला, कोणाशी सीमेवरून मोठा तंटा नसलेला तो देशही आत येऊ शकला नाही, तर वुचिच किंवा कुर्ती यांना नगरपालिकांच्या संघावर राजी करण्यासाठी युनियनच्या आताच्या उच्च प्रतिनिधी काया कल्लास यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरणार नाही.