पाणलोटातील पाण्याची गुणवत्ता टिकवण्यासाठी गावाने नियोजन कोठून सुरू करावे?

सुरुवात शिवारफेरीने करावी आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत जाऊन उकिरडे, शोषखड्डे नसलेली न्हाणीघरे, गळके शौचालयाचे खड्डे, गुरे धुण्याच्या जागा आणि ओढ्यालगतची खतांचा भरपूर मारा होणारी शेते गावनकाशावर नोंदवावीत. आपल्याकडील बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून दूषित पाणी फारसे न गाळले जाता विहिरीपर्यंत पोहोचू शकते, म्हणून पिण्याच्या विहिरीच्या वरच्या उताराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तरी व्हावी. जलजीवन मिशनमध्ये गावातील 5 महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे (गावातच पाणी तपासण्याच्या साहित्याचे) प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. खते व सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट या क्षाराची पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातील मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ते ब्लीचिंग पावडरने किंवा उकळल्याने जात नाही (उकळल्याने उलट त्याची तीव्रता वाढते), त्यामुळे युरियाची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवणे आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखणे हाच टिकाऊ मार्ग ठरतो. तपासणीचे निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावेत व उकिरडे हलवण्याचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरावा.