डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ म्हणावं का?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जादा असण्याची अवस्था) आहे, वय ४४. तो ज्या कार्यशाळेत जातो तिथल्या पालकांसाठी त्या डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर यांच्या संबंधावर मराठीत पत्रक लिहीत आहेत. अल्झायमर या मेंदूच्या आजारामुळे येणाऱ्या डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ लिहावं, की ‘म्हातारचळ’ हा घरातला शब्द चालेल?

‘म्हातारचळ’ अजिबात नको. त्यात म्हातारपण गृहीत धरलेलं आहे आणि ‘चळ’ म्हटलं की हेटाळणी आलीच.

‘स्मृतिभ्रंश’चा मात्र नीट विचार करायला हवा. भ्रंश म्हणजे ढळणं, घसरणं. ‘अपभ्रंश’मधला तोच हा शब्द. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश येतो तो क्रोध आणि संमोह यांच्या पाठोपाठ, म्हणजे माणसाच्या वागण्याचं फळ म्हणून. आजाराच्या नावाला असा ठपका चिकटू नये असं मला वाटतं, पण हा मुद्दा मी ताणणार नाही. शब्द वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, आणि ऐंशीच्या आजोबांबद्दल बोलताना त्याने बहुतेक वेळा काम भागतं.

अडचण वेगळीच आहे, आणि ती ताईंच्याच पत्रात दिसते. भाऊ कार्यशाळेत दिवाळीच्या पणत्या रंगवतो. काठाची सोनेरी रेघ तो एका दमात ओढायचा. आता अर्ध्यावर ब्रश ठेवून बसून राहतो. फरशीचा रंग बदलला की तिथे थबकतो, पायरी असल्यासारखा पाय उचलतो. नावं मात्र सगळ्यांची आठवतात. घरचे म्हणतात, ‘हट्टी झालाय’, ‘आळस करतो’. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीत अल्झायमरची सुरुवात पुष्कळदा अशीच होते: स्वभाव बदलतो, कामातला रस जातो, हालचाल मंदावते, विसरणं नंतर लक्षात येतं. अशा वेळी पत्रकात नुसतं ‘स्मृतिभ्रंश’ वाचलेली आई म्हणेल, ‘आमच्या बाळ्याला तर सगळं आठवतं’, आणि डॉक्टरांकडे जायचं राहून जाईल.

‘बुद्धिऱ्हास’ही मी टाळीन. ‘बुद्धी तर आधीपासूनच कमी’ म्हणून लोक तिथेच थांबतात. ‘डिमेन्शिया’ तसाच ठेवा आणि लगेच फोड करून सांगा: अंगवळणी पडलेल्या गोष्टी एकेक करून सुटत जाणं. शर्टाची बटणं लावणं, एकट्याने दुकानातून दूध आणणं, यातलं प्रत्येक काम या मुलांनी वर्षानुवर्षं गिरवून मिळवलेलं असतं. त्यामुळे तुलना करायची ती त्याच्याच गेल्या वर्षाशी, इतरांशी नाही.

डिमेन्शिया ही अवस्था आणि अल्झायमर हा ती आणणारा एक आजार. दोन्हींना एकच मराठी शब्द वापरू नका. ‘डाउन’ म्हणजे ‘खालचा’ नव्हे हेही एका ओळीत सांगाच. १८६६ मध्ये या लक्षणांचं वर्णन करणारे इंग्रज डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांचं ते आडनाव आहे. ‘मंगोल मूल’ हा जुना शब्द जुन्या फायलींतच राहू दे.

आता डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर यांचा संबंध. १९८४ मध्ये सॅन डिएगोच्या जॉर्ज ग्लेनर यांनी केन वाँग यांच्यासह अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतून अमायलॉइड हे प्रथिन वेगळं केलं. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही तेच प्रथिन मिळालं, तेव्हा त्याचं जनुक २१व्या गुणसूत्रावर असावं असा त्यांनी अंदाज बांधला. १९८७ मध्ये ते तिथेच सापडलं. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, म्हणून हे प्रथिन जन्मभर जास्त बनतं आणि चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत साचलेलं असतं. लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. १९९८ मध्ये नोंदवलेलं एक उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ७८ वर्षांच्या एका बाईंना डाउन सिंड्रोम होता, पण गुणसूत्राचा फक्त एक भाग जादा होता आणि या जनुकाच्या प्रती दोनच होत्या. त्यांना अल्झायमर झालेला नव्हता.

या साचलेल्या प्रथिनाला पत्रकात ‘गाठी’ लिहू नका, लोक कॅन्सर समजतील. ‘साका’ हा आपला शब्द चपखल आहे. पाण्याच्या माठाच्या तळाशी बसतो तो.

आणि एक ओळ ठळक छापा. थायरॉइड बिघडलं, ऐकू कमी येऊ लागलं, मोतीबिंदू झाला किंवा झोपेत श्वास अडकू लागला, तरी माणूस असाच सुस्त आणि चिडचिडा होतो, आणि यांवर उपचार आहेत. मी ती ओळ अशी लिहीन: ‘आधी जमणारी कामं सुटू लागली, तर हट्ट म्हणून सोडून देऊ नका, कधीपासून काय बदललं ते वहीत लिहा आणि थायरॉइड, कान, डोळे, झोप यांची तपासणी आधी करून घ्या.’