परदेशी जाण्यापूर्वी भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घ्यावा का?

सप्रेम नमस्कार. आपण लिहिले आहे की, नोकरीनिमित्त इकडे ब्रिटनमध्ये लीड्सला येण्यापूर्वी कोथरूडचा कर्जमुक्त फ्लॅट भाड्याने द्यायचा, शिवाय बाणेरला 90 लाखांचा दुसरा फ्लॅट 70 लाखांचे कर्ज काढून घ्यायचा आणि दोन्हींच्या भाड्यातून दरमहा ठरावीक रक्कम हाती यावी, असा आपला बेत आहे. पहिला भाग मला पटतो, दुसरा पटत नाही.

बाणेरच्या फ्लॅटला दरमहा 28 हजार भाडे येईल, हा आपला अंदाज मान्य करू. वर्षातला एक महिना तो रिकामा राहील, म्हणजे हाती 3 लाख 8 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 48 हजार, मिळकतकर सुमारे 24 हजार (स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती 40 टक्के सवलत भाडेकरू ठेवल्यावर मिळत नाही), रंगरंगोटी व दुरुस्ती 30 हजार आणि एजंटची दलाली म्हणून एका महिन्याचे भाडे वजा केले, की 1 लाख 78 हजार उरतात. गुंतवणुकीच्या जेमतेम 2 टक्के, तेही आयकरापूर्वी. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या 70 लाखांचा हप्ता साधारण 60,700 रुपये होतो आणि पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच 49 हजारांच्या वर जाते. म्हणजे इथल्या पगारातून आपणच दरमहा तिकडे पैसे पाठवत राहाल. किंमत वाढेल या आशेवर घर घ्यायचे असेल तर तो निराळा विचार. त्याला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

कोथरूडचा फ्लॅट मात्र जरूर भाड्याने द्या. निवासी मालकाच्या बाबतीत सामान्य भाडेकरूला महिना 50 हजारांपर्यंतच्या भाड्यावर कर कापावा लागत नाही. मालक अनिवासी झाला की भाडे कितीही असो, 31.2 टक्के टीडीएस कापून तो भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. बहुतेकांना हे माहीत नसते आणि कळल्यावर काही जण करारच नको म्हणतात, म्हणून हे आधीच बोलून घ्या. भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंतचे उत्पन्न अनिवासींनाही करमुक्त असल्यामुळे कापलेली बरीचशी रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते, पण तोवर ती अडकून पडते. भाडे साधारणपणे एनआरओ खात्यात (अनिवासीचे भारतातले रुपयांचे खाते) जमा होते. कर भरून ते इकडे आणता येते.

निघण्यापूर्वी एक काम टाळू नका. भावाच्या किंवा विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र पुण्यातच नोंदवून ठेवा, कारण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची असून ती मालकाची जबाबदारी आहे. इथून तेच करायचे तर भारतीय उच्चायुक्तालयाचे किंवा वाणिज्य दूतावासाचे साक्षांकन आणि कागद भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. शिवाय पुण्यात सकाळी आठला गीझर बिघडला की उन्हाळ्यात इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात; तो फोन भावाकडे गेलेला बरा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-वापर शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

ब्रिटनच्या कराबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. इथले रहिवासी झाल्यावर भारतातले भाडेही इथे दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण 30 टक्क्यांची सरसकट वजावट नाही, साधारणपणे प्रत्यक्ष खर्च धरतात. आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहिलेल्यांना एप्रिल 2025 पासून पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. मात्र ती मागितली की 12,570 पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा त्या वर्षी जाते, आणि वर्षाला दीड-दोन हजार पौंडांच्या भाड्यासाठी तो सौदा आतबट्ट्याचा ठरतो.