बागकामाच्या धंद्यात पैसे मोजून ऑनलाइन लीड घेणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की, दोन माणसं हाताशी घेऊन बागकाम आणि लँडस्केपिंगची कामं करता, लीड, म्हणजे काम करून हवं असलेल्या माणसाचा नंबर, विकणाऱ्या साइटवाल्यांचे सारखे फोन येतात, तर पैसे भरावेत का.

छाटणी, तण काढणं, गवत कापणं अशा एकदाच्या किरकोळ कामांसाठी भरू नका. महिन्याच्या देखभालीचं गिऱ्हाईक मिळवायचं असेल किंवा नवीन बाग उभारायची कामं हवी असतील, तर ठरावीक रक्कम बाजूला काढून करून बघायला हरकत नाही. मी तीन हंगाम पैसे भरले. आता भरत नाही. पण पहिल्या वर्षी भरले नसते तर दुसरं वर्ष धंद्यात दिसलो असतो की नाही, शंकाच आहे.

विकतात काय ते आधी समजून घ्या. कुणीतरी साइटवर फॉर्म भरतो, ‘बाग नीट करून हवी आहे’. त्याचा नंबर एकाच वेळी तीन, चार, कधी पाच जणांना विकला जातो. काम मिळो न मिळो, पैसे पाचही जणांचे कापले जातात. काही ठिकाणी लीड एकट्या तुम्हालाच देतात, ती महाग असते. काही साइट्स काम ठरल्यावर कमिशन घेतात, काही वर्षाची फी घेऊन नुसतं यादीत नाव टाकतात. यातला कुठला प्रकार आहे, हे फोनवाल्याला पहिल्यांदा विचारा. तो ‘व्हेरिफाइड लीड’ म्हणेल. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की नंबर ओटीपीने तपासलाय. त्या माणसाला खरंच काम करून घ्यायचंय का, हे कुणी तपासलेलं नसतं.

माझी पहिली लीड कुंपणाच्या झुडपांच्या छाटणीची होती. मी दुसऱ्या बागेत खड्ड्यात उभा, कोपरापर्यंत चिखल. फोन वाजला, म्हटलं हातातलं रोप लावून घेऊ. हात धुऊन वीसेक मिनिटांनी फोन केला तर पलीकडून बाई वैतागून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही पाचवे. पहिले आले ना, त्यांना उद्या बोलावलंय.’ भाव विचारायचीही तसदी घेतली नाही त्यांनी. त्या दिवसापासून फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायला लागलो, म्हणजे मातीच्या बोटानेही चालतो. पुढे बायकोने फोनचं काम अंगावर घेतलं तेव्हा फरक पडला, कारण ती दोन मिनिटांत उलट फोन करायची. वाटून विकलेल्या लीडमध्ये चांगला माळी जिंकत नाही, आधी फोन करणारा जिंकतो. दिवसभर हात मातीत असणाऱ्याला ही शर्यतच मुळात अवघड आहे.

आता हिशोब. पहिल्या हंगामात मी ४० लीड घेतल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. ११ जणांनी फोन उचललाच नाही. ९ जण नुसतेच भाव काढत होते. १४ कामं दुसऱ्यांना गेली. माझ्या हाती आली ६. म्हणजे साधारण सात लीडमागे एक काम. एका लीडला १०० मोजले असं धरा, तर एक काम मिळवायलाच सातशेच्या आसपास गेले, वर बघायला जायचा वेळ आणि पेट्रोल वेगळं. मजुरी वजा जाता छाटणीत पाचशे सुटणार असतील, तर ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाली. पण त्या सहांपैकी दोघांनी काम बघून दर महिन्याची देखभाल दिली. त्यातली एक बाग आजही माझ्याकडे आहे. सगळ्या ४० लीडचे पैसे त्या दोन बागांनीच भरून काढले, बाकीच्या चार कामांत मी बुडालोच होतो. म्हणून लीडची किंमत त्या एका कामाशी ताडून बघू नका. ते गिऱ्हाईक वर्षभर टिकलं तर काय देईल, त्याच्याशी बघा. आणि पहिल्या भेटीतच देखभालीचं बोलून ठेवा.

लँडस्केपिंगचं गणित वेगळं. लीड महाग असते, पण एक काम मिळालं तरी वसूल होते. तिथे खरा खर्च जागेवर जाण्याचा असतो. मापं घ्या, उतार बघा, पाण्याचा निचरा कुठे होतो ते शोधा, रेखाटन करून द्या, आणि मग तेच रेखाटन दाखवून गिऱ्हाईक दुसऱ्याकडून स्वस्तात काम करून घेतं. दोनदा हात पोळल्यावर मी आधी फोटो मागवायला आणि रेखाटनाची फी घ्यायला सुरुवात केली. काम मिळालं तर ती बिलातून वजा. फी ऐकून जे गळतात, ते तसेही गळणारच होते.

भरायचंच ठरवलंत तर अटी वाचा. क्रेडिटची, म्हणजे साइटवर आगाऊ भरलेल्या रकमेची, मुदत संपते का, पॅकेज आपोआप रिन्यू होतं का, हे आधी बघा. चुकीच्या नंबरचे पैसे बहुधा रोख मिळत नाहीत, क्रेडिट परत मिळतं. कामाचा परिसर स्वतः आखून घ्या, नाहीतर तासभर लांबच्या लीडचेही पैसे जातील. ही रड आपल्यापुरतीच नाही बरं का. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने मार्च २०२२ मध्ये होमअ‍ॅडव्हायझर या लीड विकणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. लीडच्या दर्जाबद्दल कारागिरांची दिशाभूल केल्याचा आरोप होता. जानेवारी २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम भरण्याच्या आदेशावर ते प्रकरण मिटलं.

आणखी एक. साइटवर मिळालेले चांगले अभिप्राय साइटचेच राहतात. पैसे भरणं थांबवलं की तुम्ही कमावलेलं नाव तिकडेच. त्यामुळे गूगलवर व्यवसायाचं फुकटातलं प्रोफाइल उघडा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तिथेच दोन ओळी लिहायला सांगा, शक्य असेल तर तुम्ही अजून बागेत असतानाच. घरी गेल्यावर कुणी लिहीत नाही.

ऐन हंगामात लीड बंद ठेवा, तेव्हा फोन तसाही वाजतो. हंगामाच्या आधीचे तीन-चार आठवडे, किंवा नवीन भागात गेलात आणि कुणी ओळखत नाही तेव्हा, लीडचा खरा उपयोग. मला आता कामं येतात ती भिंतीपलीकडून. छाटणी चालू असली की शेजारी डोकावतोच, आणि निघताना दोन्ही बाजूच्या घरांत मी कार्ड देऊन येतो.

पंधरा-वीस लीड घ्या, वहीत लिहा, मग ठरवा. वर्षाचं पॅकेज मात्र पहिल्या फोनवर घेऊ नका. ‘ऑफर आजच संपतेय’ असं तो म्हणेल. माझ्यासाठी ती तीन वर्षं झाली, आजच संपतेय.