कराटे, ज्युदो की तालीम? आधी पडायला शिका

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे चालतं, कॉलेज रोडला तायक्वांदोचा क्लास आहे, आणि सासरे म्हणतात तालमीत घाला, पोरगी मजबूत होईल. तुम्ही तीन-चार प्रकार केलेत असं कळलं. नक्की कुठे घालू? – एक आई, इंदिरानगर

ताई, आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, कारण माझी सुरुवात पण तालमीतच झाली. नाशिकला पंचवटीत राहायचो, आजोबा पहाटे उठवून नेऊन सोडायचे आणि स्वतः गोदाघाटावर फिरायला जायचे. मला वाटलं आता डाव शिकवतील, तर वस्तादांनी हातात फावडं दिलं. माती उकरायची, परत सपाट करायची, त्यात तेल, ताक, हळद पडलेली असायची, तिचा एक आंबट ओला वास असतो तो अजून नाकात आहे. मग जोर, मग बैठका. पहिला डाव शिकायला दोन महिने लागले आणि तोवर मांड्या अशा दुखायच्या की शाळेचा जिना उलटा उतरायचो.

सहावीत कराटेचं वारं आलं आणि सगळी गल्ली तिकडे गेली, मी पण. खळ घातल्यासारखा कडक पांढरा ड्रेस, इच-नी-सान-शी अशी जपानी मोजणी, रांगेत उभं राहून हवेत ठोसे. मला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, आवडायचे, खोटं नाही बोलणार. नंतर कळलं की आम्ही शिकलो ते सुरुवातीचे काता ओकिनावातल्या इतोसू नावाच्या गुरूंनी शाळेतल्या मुलांसाठीच बसवलेले होते आणि 1922 मध्ये कराटे टोकियोला नेणारे फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते, म्हणून असेल कदाचित, वर्गातल्या पोरांना शिस्त लावायला कराटेसारखं दुसरं नाही. पण दोन वर्षांत मला कोणी धरलं नाही, ढकललं नाही, मी पण कोणाला नाही. तालमीत पहिल्या महिन्यात जे कळलं होतं, की समोरचा माणूस पोतं नसतो आणि तो उलटा जोर लावतो, ते इथे विसरायला झालं.

मग कॉलेजात ज्युदो. इथे जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पहिला महिनाभर सरांनी एकही थ्रो शिकवला नाही, फक्त पडायला लावलं. मागे पडा, बाजूला पडा, पुढे कोलांटी घेऊन पडा. माणूस पडताना आपोआप हात टेकवतो आणि तिथेच मनगट नाहीतर कॉलरबोन जातं. ज्युदोत हात टेकवायचा नाही, तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात मॅटवर सपकन आपटायचा, म्हणजे दणका एका जागी न बसता पसरतो. आणि हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. सर मागून ओरडायचे, गाठ बघ, गाठ बघ! शंभरदा पडून झाल्यावर अंगाला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

जिगोरो कानोंनी 1882 मध्ये जुन्या जुजुत्सूतून ज्युदो काढला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि ते पण शिक्षकच. त्यांची हुशारी ही की जिवावर बेततील असे डाव बाजूला ठेवले, त्यामुळे उरलेले डाव पूर्ण जोर लावून, समोरचा विरोध करत असताना, रोज करता येतात. आपल्या मातीतही तेच आहे की. सरांनी पहिल्यांदा सेओई नागे दाखवला तेव्हा मी पटकन म्हणालो सर हा तर धोबीपछाड, सगळे हसले, पण आहे तो तसाच, हात खांद्यावर घ्यायचा, कंबर खाली घालायची आणि धुणं आपटल्यासारखं पुढे.

पडण्याचा उपयोग मॅटवर किती झाला माहीत नाही, अंबडला कंपनीतून येताना पहिल्या पावसात खडीवरून गाडी सरकली तेव्हा झाला. खांद्यावरून गोल फिरलो, उठून बसलो, कोपर सोललेलं, बास. (हेल्मेट होतं, सगळं श्रेय ज्युदोला देऊ नये.)

तर ताई, माझं मत : जाण्यायेण्याच्या अंतरात ज्युदो मिळाला किंवा मुलींना नीट शिकवणारी तालीम मिळाली तर ती. नाही मिळाली तर सोसायटीतलं कराटे काही वाईट नाही, रोज जाणं होतं हे मोठं. तायक्वांदोने पाय मोकळे होतात, लवचिकपणा येतो, मुलांना मजा वाटते, फक्त तिथे छातीवरच्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन आणि ठोश्याला एकच पॉइंट, तोही चेहऱ्यावर मारायचा नाही, त्यामुळे पोरं हात खाली सोडून लढायला शिकतात. नाव कुठलंही असू दे, फी भरायच्या आधी एक दिवस कोपऱ्यात बसून बघा. खाली मॅट आहे की फरशी? पडायला शिकवतात का? जी पोरगी मागे राहते तिच्याकडे सर जातात की पुढच्या दोन मेडलवाल्यांतच रमलेत?

प्रश्न : वय 41, सिडको. शाळेत असताना कुस्ती केली आहे. आता बीजेजे किंवा बॉक्सिंग करावं म्हणतो, गुडघा थोडा कुरकुरतो. – एक वाचक

दादा, मी छत्तिसाव्या वर्षी बॉक्सिंगला गेलो होतो, त्याची गोष्ट ऐका. पहिल्याच स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, डावा ठोसा मारला आणि उजवा हात आपोआप कमरेला गेला, कराटेची सवय, एक हात पुढे गेला की दुसरा कमरेला ओढायचा. समोर एकोणीस वर्षांचं पोरगं, त्याने मोकळा चेहरा बघून जॅब दिला, सरळ नाकावर. डोळ्यांत पाणी. म्हणाला सॉरी काका. काका या शब्दाने जास्त लागलं.

तुमचं उलटं होईल. बीजेजे, म्हणजे ब्राझिलियन जुजुत्सू, पण कोडोकानच्याच, म्हणजे कानोंच्या ज्युदो शाळेच्याच, घरातलं, माएदा नावाचे ज्युदोवाले 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि त्यांच्याकडून ग्रेसी घराण्याकडे गेलं, पण तिथे पाठीवर पडून लढणं हा अर्धा खेळ आहे. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती गेली, त्यामुळे कुस्तीवाला काहीही करून पालथा होतो, आणि पालथा झाला की समोरचा पाठीवर चढून गळा धरतो. हे माझं पहिले तीन महिने रोज झालं. पाठ टेकू द्यायला शिका, अंगात भिनलेलं असतं, वेळ लागतो.

गुडघ्याचं म्हणाल तर आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, पाय पिरगळायच्या डावांपासून (लॉक) सुरुवातीला लांब राहा, आणि टॅप लवकर करा, म्हणजे हाताने थोपटून हार माना. आपल्या वयाचे लोक टॅप करायला लाजतात आणि मग सहा आठवडे लंगडतात. बॉक्सिंगमध्ये गुडघ्याला पीळ कमी, पण स्पारिंग करणार असाल तर डोक्याला मार आहे, ते घरी बायकोशी बोलून ठरवा.

प्रश्न : मुलाला दीड वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणतात, दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि वेगळी फी. बरोबर आहे का? – एक पालक, गंगापूर रोड

नाही. माझ्या भाच्याचं असंच झालं, क्लासचं नाव नाही घेत, आठवड्यातून दोन दिवस जायचा आणि कपाटात सात पट्टे. काळा पट्टा कानोंनीच 1880च्या दशकात आणला, आणि जपानी पद्धतीत पहिला दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली पायरी, म्हणजे मूळाक्षरं आली, आता वाचायला बसा, एवढाच अर्थ. रंगीत पट्टे तर नंतर युरोपात रुळले. तायक्वांदोत कुक्कीवोन ही कोरियातली मुख्य संस्था पंधरा वर्षांखालच्या मुलांना दान देतच नाही, पूम नावाची मुलांची पायरी देते, त्याचा पट्टा लाल-काळा असतो. दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी करत असाल तर ती संघटना आणि ती स्पर्धा शासनाच्या यादीत बसते का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा, क्लासवाल्याच्या तोंडावर जाऊ नका.

प्रश्न : रस्त्यावर खरोखर भांडण झालं तर यातलं कुठलं कामाला येतं? – एक विद्यार्थी, पंचवटी

भो, पळणं. समोरच्याच्या खिशात काय आहे तुला माहीत नसतं, आणि त्याचे चार मित्र पानटपरीवर उभे असतात. सुटलास की 112 लाव. माझंच सांगतो, तीन वर्षांपूर्वी द्वारकाला सिग्नलपाशी एका पोराने हातातला मोबाइल हिसकावला. तालीम, कराटे, ज्युदो, बॉक्सिंग, सगळं अंगात असलेला मी त्याच्यामागे साधारण पन्नास पावलं धावलो आणि रसवंतीच्या बाकावर बसलो. मोबाइल काही मिळाला नाही. रसवाल्याने बर्फ न घालता ग्लास दिला आणि पैसे घेतले नाहीत.