अवमानाचा निवाडा ज्युरी करणार का?

प्रश्न : न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यात ज्युरी (निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) मिळावी यासाठी अमेरिकेत लोकांनी मतदान केले होते म्हणे. मग ज्याचा अवमान झाला त्याच न्यायाधीशाने शिक्षा देणे तिथे थांबले का?

उत्तर : सगळे नाही थांबले. मतदान ओक्लाहोमात १७ सप्टेंबर १९०७ रोजी झाले. तेही या एका कलमावर नव्हे. नव्या राज्याची सबंध घटनाच मतदारांपुढे होती आणि तिच्या दुसऱ्या प्रकरणातले २५वे कलम अवमानाचे होते.

त्या काळी खरे दुखणे होते संपांवरच्या न्यायालयीन मनाई हुकमांचे; हुकूम मोडला की तो अवमान. १८९४च्या पुलमन या रेल्वे संपात हुकूम मोडल्याबद्दल कामगार नेते युजीन डेब्ज यांना ज्युरीविना सहा महिने कैद झाली. त्याच संपावरून कटाचा फौजदारी खटलाही भरला होता, तो मात्र ज्युरीपुढे. एक ज्युरर आजारी पडला आणि तो खटला पुढे चाललाच नाही. सरकारला कोणता रस्ता सोयीचा होता, हे वेगळे सांगायला नको.

ओक्लाहोमाच्या कलमाची मेख शब्दांत आहे. मनाई हुकूम न्यायालयाच्या नजरेआड, कानाआड मोडला असेल तरच ज्युरीचा हक्क. आणि ज्युरीने ठरवायचे ते दोषी की निर्दोष एवढेच. भर कोर्टात न्यायाधीशाला शिवी दिली तर हे कलम ज्युरी देत नाही. आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय मात्र कोणत्याही अवमानाला शिक्षा नाही. राज्याच्या कायद्यात ज्युरी ‘मागणी केल्यावर’ मिळते, म्हणून गप्प बसणाऱ्याची संधी जाते.

देशपातळीवर हा हक्क यायला १९६८ उजाडले. मृत्यूनंतर बनवलेले खोटे मृत्युपत्र कोर्टात दाखल केल्याबद्दल इलिनॉयमध्ये ब्लूम नावाच्या माणसाला २४ महिन्यांची शिक्षा झाली होती. गंभीर फौजदारी अवमानाला ज्युरी हवीच, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले. सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेला ती लागत नाही. हुकूम पाळला की सुटका, अशा दिवाणी अवमानातल्या कैदेलाही नाही.

आपल्याकडे १९७१च्या कायद्यात ज्युरी नाही. कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण तुमच्या शंकेवर कलम १४ पाहा : उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर अवमान झाल्याचा आरोप असेल, तर दुसऱ्या न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, तोंडी अर्जसुद्धा चालतो. तो मान्य करायचा की नाही, हे मात्र न्यायालयच ठरवते.